घर स्पेनमध्ये, कायदा इंग्लंडचा : क्लब ला कोस्टा प्रकरण

६ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका ग्राहकाने टाइमशेअरचा, म्हणजे सुट्टीच्या घरात दरवर्षी काही काळ राहण्याचा हक्क विकत घेण्याचा, करार केला. समोरची कंपनी क्लब ला कोस्टा (यूके) पीएलसी. नोंदणी ब्रिटनमधली, शाखा स्पेनमधली. करारात दोन छापील कलमे होती. वाद झाला तर तो इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायालयांतच चालेल, हे एक. त्या वादाला कायदाही इंग्लंडचाच लागेल, हे दुसरे. पुढे ग्राहकाने दावा लावला तो मात्र स्पेनच्या मालागा प्रांतातल्या फ्वेनखिरोला येथील दिवाणी न्यायालयात. मागणी सरळ होती : करार रद्दबातल ठरवा आणि भरलेले पैसे परत द्या. प्रतिवादी म्हणून कंपनीच्या स्पॅनिश शाखेबरोबर त्याच समूहातल्या आणखी काही कंपन्यांनाही ओढले होते.

न्यायालयाच्या कागदपत्रांत या ग्राहकाचे नाव नाही, 'एनएम' एवढीच दोन अक्षरे आहेत. फ्वेनखिरोलाच्या न्यायाधीशांनी प्रकरणातले कायद्याचे प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठवले आणि १४ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांची उत्तरे आली. प्रकरण क्रमांक सी-८२१/२१.

ब्रिटिश माणूस, ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी, इंग्लंडच्या कायद्याचा करार. मग स्पेनमध्ये जायचे कशाला? हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

टाइमशेअरच्या विक्रीतले गैरप्रकार इतके वाढले होते की युरोपीय समुदायाने १९९४ मध्येच त्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला. सही केल्यावर दहा दिवसांत कारण न देता माघार घेण्याचा हक्क, माहितीपत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत, आणि माघारीची मुदत संपेपर्यंत आगाऊ रक्कम घ्यायला बंदी. २००९ च्या नव्या निर्देशाने ही मुदत चौदा दिवस केली. १९९४ चा निर्देश हा किमान पाया होता, त्यावर आणखी संरक्षण द्यायला देश मोकळे होते. स्पेनने त्यावर बरेच बांधले. १९९८ च्या स्पॅनिश कायद्याने कराराची मुदत तीन ते पन्नास वर्षांच्या चौकटीत बसवली. ग्राहक नेमकी कोणती खोली, कोणता काळ विकत घेतो आहे, हे करारात स्पष्ट असलेच पाहिजे, अशी अट घातली. या चौकटीबाहेर केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे रद्दबातल. आगाऊ रक्कम घेतली तर ग्राहक तिची दुप्पट मागू शकतो. २०१२ मध्ये कायदा बदलला, पण हा कणा टिकला.

बरीच वर्षे हा कायदा पुस्तकात राहिला. जानेवारी २०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रान कनारिया बेटावरच्या एका प्रकरणात त्याचे शब्द जसेच्या तसे वाचले आणि बेमुदत, अनिश्चित विषयाचा करार शून्य ठरवला. त्यानंतरच्या निवाड्यांत 'फिरते आठवडे' (आठवडा आधी ठरलेला नाही) आणि 'पॉइंट्स' (ठरावीक घराऐवजी गुण विकत घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात सुट्टी घ्यायची) या दोन्ही पद्धती त्याच कात्रीत सापडल्या. पुढेमागे विकून फायदा होईल या आशेने घेतले, म्हणून माणूस ग्राहक उरत नाही, हा कंपन्यांचा युक्तिवादही २०१७ मध्ये फेटाळला गेला. परताव्याचा हिशेबही ठरून गेला : पन्नास वर्षे ही कमाल मुदत धरायची आणि जितकी वर्षे वापर झाला तितका भाग वजा करायचा. दहा वर्षे वापरले असेल तर एक पंचमांश गेला, चार पंचमांश परत.

या सगळ्यात ग्राहकाला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, हे महत्त्वाचे. विक्रेता काय बोलला, किती तास बसवून ठेवले, कोणते आश्वासन तोंडी दिले, यातले काही नाही. करार न्यायाधीशांसमोर ठेवायचा. मुदत लिहिलेली नाही? विषय नेमका नाही? संपले.

इंग्लंडचा कायदा इतका हात सैल सोडत नाही. तिथले २०१० चे टाइमशेअर नियम युरोपीय निर्देशातूनच आलेले आहेत. चौदा दिवसांची माघार आहे, आगाऊ रकमेला बंदी आहे, टाइमशेअर 'गुंतवणूक' म्हणून विकायला मनाई आहे. पण मुदतीला कमाल मर्यादा नाही, आणि पॉइंट्सवर आधारलेला करार केवळ त्या कारणाने शून्य होत नाही. तिथे ग्राहकाला खोटे आश्वासन किंवा करारभंग दाखवावा लागतो, तोही साधारण सहा वर्षांच्या मुदतीत. म्हणून एनएमचा सारा खटला एकाच गोष्टीवर टांगलेला होता : स्पेनच्या न्यायाधीशाने स्पेनचाच कायदा लावावा.

पहिला विचार मनात येतो तो असा की मालमत्ता जर स्पेनमध्ये असेल तर न्यायालयही तिथलेच असणार. युरोपीय संघाच्या १२१५/२०१२ क्रमांकाच्या नियमावलीत, म्हणजे ज्याला वकील 'ब्रसेल्स एक' म्हणतात तिच्यात, तसा नियम आहेही. स्थावर मालमत्तेवरचा हक्क किंवा तिचा भाडेपट्टा यांवरचा वाद, मालमत्ता ज्या देशात आहे तिथेच चालतो. करारात काहीही लिहिलेले असो. पण क्लबचे सभासदत्व विकणारी कंपनी घर विकत नाही, भाड्यानेही देत नाही. २००५ मध्येच लक्झेंबर्गने रोडोस मॅनेजमेंट प्रकरणात सांगितले होते की पैशाचा मोठा भाग सभासदत्वासाठी असेल आणि ठरावीक घराशी संबंध पातळ असेल, तर हा नियम लागणार नाही. एनएमच्या करारातही मालमत्तेवरचा हक्क नव्हता आणि भाडेपट्टाही नव्हता.

इथे थोडे थांबायला हवे. ज्या गुणामुळे हा करार स्थावर मालमत्तेच्या नियमातून निसटतो, त्याच गुणामुळे तो स्पॅनिश कायद्यात शून्य ठरतो : नेमके घर नाही. म्हणजे स्पेनचा कायदा लागला तर ग्राहकाची बाजू भक्कम, पण स्पेनपर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सोपा रस्ता मात्र त्याच कारणाने बंद. मला हा योगायोग वाटत नाही. आठवड्यांकडून पॉइंट्सकडे हा धंदा सरकला त्यामागे लवचीक सुट्ट्यांचे आकर्षण होतेच, पण विक्रेत्याच्या अंगावरची कायद्याची पकड ढिली होणे हाही त्याचा परिणाम होता.

मग उरला ग्राहकांसाठीचा खास दरवाजा. त्याच नियमावलीचे कलम १८ ग्राहकाला निवड देते : स्वतःच्या देशात दावा लावा, किंवा 'कराराच्या दुसऱ्या पक्षाचे' ठिकाण ज्या देशात आहे तिथे लावा. एनएमच्या बाजूने समूहातल्या इतर कंपन्यांनाही प्रतिवादी करण्यामागे हेच गणित होते. टाइमशेअरच्या समूहात एक कंपनी विकते, दुसरी देखभाल करते, तिसरी इमारती बांधते, चौथी हॉटेल चालवते. त्यांतली एखादी स्पॅनिश असली आणि तिला 'दुसरा पक्ष' मानता आले, तर स्पेनचे न्यायालय हातात येते.

लक्झेंबर्गने हे मानले नाही. 'दुसरा पक्ष' म्हणजे करारात जो पक्ष आहे तोच; त्याच्याशी जोडलेल्या इतर व्यक्ती किंवा कंपन्या नव्हेत. आपल्यावर कुठे दावा होऊ शकतो याचा अंदाज प्रत्येकाला आधी बांधता आला पाहिजे, या भूमिकेतून हे उत्तर आले आहे. तर्क समजतो. तरीही सहीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला समूहाच्या कोणत्या शाखेचा शिक्का कागदावर बसतोय हे कळते, असे धरून चालणे जरा धाडसाचे आहे. चार कंपन्यांची नावे एकसारखी, कार्यालय एक, गणवेश एक. कागदावर कोणाचे नाव घालायचे हे ठरवणारा मात्र विक्रेताच.

दुसऱ्या मुद्द्यावर एनएमला खरा विजय मिळाला. कंपनीचे 'ठिकाण' ठरवताना नियमावली तीन खुणा देते : कंपनीच्या घटनेप्रमाणे असलेले कार्यालय, मध्यवर्ती कारभार आणि धंद्याचे मुख्य ठिकाण. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस यांच्यासाठी पुढे एक खुलासा आहे की तिथे पहिल्या खुणेचा अर्थ नोंदणीकृत कार्यालय असा घ्यावा. प्रश्न असा होता की या खुलाशामुळे ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी फक्त ब्रिटनचीच ठरते का? न्यायालय म्हणाले, नाही. तो खुलासा एका शब्दाची व्याख्या करतो, बाकीच्या दोन खुणा पुसत नाही. ग्राहकाची निवड त्याने आक्रसत नाही. म्हणजे कंपनीची पाटी इंग्लंडात असली तरी तिचा प्रत्यक्ष धंदा मुख्यतः स्पेनमध्ये चालतो असे दाखवता आले, तर स्पेनमध्ये दावा लावता येतो. ते दाखवता येते की नाही हे मात्र मूळ न्यायालयापुढच्या पुराव्यावर.

आणि करारातले 'इंग्लंडचीच न्यायालये' हे कलम? ग्राहकाच्या बाबतीत वाद निर्माण होण्याआधी केलेली अशी बांधिलकी सहसा चालत नाही. एक अपवाद आहे : करार करताना दोघेही एकाच देशात राहणारे असतील आणि त्याच देशाची न्यायालये नेमली असतील तर. ग्राहक ब्रिटनचा, कंपनीची नोंदणी ब्रिटनची. विक्रेत्याने ग्राहकाच्याच देशात कंपनी नोंदवण्याचा उपयोग इथे दिसतो.

आता लागू कायदा. खटल्याचा जीव इथेच होता. कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे ठरवणारी वेगळी नियमावली आहे, रोम एक. १७ डिसेंबर २००९ पासून झालेल्या करारांना ती लागते. तिचे कलम ३ म्हणते, पक्षांनी कायदा निवडावा. कलम ६ ग्राहकासाठी : निवड केली तरी, ग्राहक जिथे नेहमी राहतो त्या देशाच्या कायद्यातले, करारानेही बाजूला सारता न येणारे संरक्षण त्याच्यापासून हिरावता येणार नाही. निवड केलीच नसेल तर सरळ त्याच्या राहत्या देशाचा कायदा लागेल. अट एकच : विक्रेता त्या देशात धंदा करत असला पाहिजे, किंवा त्याने आपला धंदा त्या देशाकडे रोखलेला असला पाहिजे. टाइमशेअर या कलमात मुद्दाम घेतलेले आहे. एरवी स्थावर मालमत्तेवरच्या हक्कांचे आणि भाडेपट्ट्याचे करार त्यातून वगळलेले आहेत.

एनएमच्या बाजूची मांडणी अशी होती. 'इंग्लंडचा कायदा' हे कलम छापील आहे, वाटाघाटीत ठरलेले नाही, ते अन्याय्य म्हणून बाद करा. ते बाद झाले की निवड उरत नाही. मग सर्वसाधारण नियम, म्हणजे कलम ४, बघा. त्यात सेवा देणाऱ्याचे ठिकाण महत्त्वाचे असते, करार शाखेच्या कामकाजातून झाला असेल तर ते ठिकाण शाखेचे, आणि शाखा स्पेनमध्ये. ग्राहकाचे संरक्षण हाच कलम ६ चा हेतू असेल तर ग्राहकाला ज्यात जास्त फायदा आहे तो कायदा त्याला का मिळू नये?

उत्तर दोन पायऱ्यांत आले. छापील कलमाने कायदा निवडता येतो, पण ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे की राहत्या देशाच्या कायद्याचे संरक्षणही त्याला आहे. २०१६ मध्ये अॅमेझॉनच्या विक्रीअटींवरच्या प्रकरणात न्यायालयाने हीच ओळ आखली होती : फक्त हाच कायदा लागू, असा समज करून देणारे कलम अन्याय्य. इथवर ग्राहकाच्या बाजूचे वारे. दुसरी पायरी मात्र कठोर निघाली. निवड अवैध ठरली तर कलम ६ चा नियम लागतो, म्हणजे ग्राहकाच्या राहत्या देशाचा कायदा. हा नियम विक्रेताही पुढे करू शकतो. कलम ४ ने सापडणारा कायदा ग्राहकाला अधिक सोयीचा असला तरी फरक पडत नाही.

निवडलेला कायदा इंग्लंडचा. निवड उडवली तर राहत्या घराचा कायदा. तोही इंग्लंडचाच.

कलम ६ ची रचना एका गृहीतावर उभी आहे : माणसाला आपल्या देशाचा कायदा ओळखीचा असतो, परक्या कायद्यापासून त्याला वाचवले पाहिजे. बहुतेक वेळा ते बरोबर असते. घरबसल्या परदेशी संकेतस्थळावरून वस्तू मागवणाऱ्याला ते उपयोगी पडते. परदेशात हक्क घेणाऱ्याचे गणित उलटे असू शकते, कारण ज्या देशात असे धंदे फोफावतात त्याच देशाचे कायदे त्या धंद्याबद्दल कडक होत जातात. स्पेनने पन्नास वर्षांची मर्यादा घातली ती त्याच्याच किनाऱ्यावर हा प्रकार चालला होता म्हणून. न्यायालयाने निश्चिततेच्या बाजूने कौल दिला, आणि नियमावलीचे शब्द पाहता दुसरे काही म्हणणे अवघड होते, हे मान्य करावे लागते. 'जो कायदा सोयीचा तो' असा नियम केला तर प्रत्येक खटल्यात आधी दोन देशांच्या कायद्यांची तुलना करत बसावे लागेल. दोष शोधायचाच तर तो निवाड्यापेक्षा नियमावली लिहिणाऱ्यांच्या नजरेत आहे. त्यांना मालमत्तेच्या देशातला ग्राहककायदा अधिक कनवाळू असेल हे दिसले नाही.

यातून एक चमत्कारिक परिणाम निघतो. कलम ६ लागायला विक्रेत्याने ग्राहकाच्या देशाकडे धंदा रोखलेला असावा लागतो. २०१० च्या पामर आणि हॉटेल आल्पेनहोफ प्रकरणांत त्याच्या खुणा दिल्या आहेत : परदेशी भाषा आणि चलन, आंतरराष्ट्रीय कोडसह फोन नंबर, अशा गोष्टी. ज्याला ब्रिटनमध्ये जाहिरात करून, पौंडांत किंमत सांगून नेले गेले त्याला इंग्लंडचा कायदा. ज्याला त्याच्या देशाकडे न वळलेल्या विक्रेत्याने थेट समुद्रकिनाऱ्यावर हटकले, त्याच्यासाठी कलम ६ गळून पडते आणि वैध निवड नसेल तर कलम ४ मार्गे स्पेनचा कायदा येण्याची शक्यता उघडते. जास्त पद्धतशीरपणे जाळ्यात ओढलेला ग्राहक कमी पैसे परत मिळवेल, असे हे चित्र आहे.

त्याच दिवशी लक्झेंबर्गने डायमंड रिसॉर्ट्स या दुसऱ्या टाइमशेअर कंपनीचे प्रकरणही निकाली काढले, सी-६३२/२१. ते स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या न्यायालयातून आले होते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दोघांनी २००८ आणि २०१० मध्ये पॉइंट्सचे दोन करार केले होते. दोन्ही पक्ष ब्रिटिश असले तरी प्रकरणात परदेशी घटक आहे, म्हणून हे नियम लागतात, असे न्यायालयाने सांगितले. पहिला करार १७ डिसेंबर २००९ च्या आधीचा, म्हणून त्याला १९८० चा जुना रोम करारनामा. दुसऱ्याला रोम एक. माणसे तीच, कंपनी तीच, मधली सव्वादोन वर्षे, आणि कायदा शोधण्याची वाट वेगळी.

३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला. त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांत ब्रिटन हा ब्रसेल्स नियमावलीच्या दृष्टीने परका देश. स्पेनमधला निकाल ब्रिटनमध्ये बजावण्याची सोपी यंत्रणा त्याबरोबर गेली. २०१९ च्या हेग निकाल-करारनाम्याने ती काहीशी परत येते. युरोपीय संघात तो १ सप्टेंबर २०२३ पासून आणि ब्रिटनमध्ये १ जुलै २०२५ पासून लागू आहे, आणि दोन्हीकडे लागू झाल्यानंतर सुरू केलेल्या दाव्यांनाच त्याचा आधार मिळतो. एनएमसारख्या जुन्या खटल्यांना त्याचा उपयोग नाही.

राहिला इंग्लंडचा कायदा, ज्याच्यापासून एनएम पळत होता. त्याच्यात एक ताकद आहे जी स्पॅनिश खटल्यात दिसतच नाही. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचे कलम ७५ म्हणते की रोख किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, आणि पैसे क्रेडिट कार्डाने किंवा विक्रेत्याशी जोडलेल्या कर्जातून दिले असतील, तर विक्रेत्याच्या खोट्या आश्वासनाला आणि करारभंगाला पत देणारी बँकही तितकीच जबाबदार. खरेदी परदेशात झाली तरीही. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लॉइड्स टीएसबी बँकेच्या प्रकरणात ते पक्के केले. विक्रेता दिवाळखोर झाला, याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही. मे २०२३ मध्ये, म्हणजे क्लब ला कोस्टाच्या निकालाच्या चार महिने आधी, लंडनच्या हायकोर्टाने कर्ज देणाऱ्या दोन संस्थांची याचिका फेटाळली. टाइमशेअर 'गुंतवणूक' म्हणून विकले गेले आणि त्यामुळे कर्जाचे नाते अन्याय्य झाले, हा वित्तीय लोकपालाचा, म्हणजे बँका आणि वित्तसंस्थांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या यंत्रणेचा, निष्कर्ष त्यांना मान्य नव्हता. कोर्टाने लोकपालाचे निर्णय कायम ठेवले.

म्हणून अशा प्रकरणाची फाइल हाती आली की मी आधी करार उघडत नाही, पैसे भरल्याची पावती बघतो. पॉइंट्सची किंमत जोडलेल्या कर्जातून गेली असेल तर फ्वेनखिरोलापेक्षा लंडनचा लोकपाल जवळचा, आणि राहत्या देशाचा कायदा कामाचा. सगळी रक्कम बँक हस्तांतरणाने किंवा रोखीने दिली असेल तर कलम ७५ चा दरवाजा नाहीच. तशा ग्राहकाला कागदावरची कंपनी कोणती, तिचा धंदा मुख्यतः कुठे चालतो आणि तिने त्याच्या देशाकडे धंदा रोखला होता का, हे तीन प्रश्न पुराव्यासह सोडवावे लागतात. आणि तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर जुनी पत्रके, ईमेल, सादरीकरणाचे कागद काढून विक्रेत्याचे खोटे आश्वासन सिद्ध करायला बसावे लागते.